गिरणाऱ्याची शांत जागा

पंचवटी, नाशिक
रविवार

प्रिय अहो,

हसू नका. 'प्रिय' लिहून बसले आणि पुढे काय लिहावं ते कळेना. नाव घेऊन तुम्हाला कधी हाक मारली नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. पत्र लिहायची तर वेळच आली नव्हती. तुम्ही टेलिफोन खात्यातले, अख्ख्या गल्लीत पहिला फोन आपल्याकडे. आता तुम्ही येवल्याला हर्षालीकडे, मी इथे, आणि फोन तुमच्या कानाला लावून काही उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमचा मोबाइल लेकीच्या हातात. ती आधी स्वतः वाचणार, मग जावईबापूंना वाचून दाखवणार, मग मलाच फोन करून विचारणार की आई, हे काय भलतंच. म्हणून सरळ कागद घेतला. पाकीट मी नीट चिकटवलं आहे. फाटलेलं हातात आलं तर लेकीचा कान धरा.

इकडे सगळं बरं आहे. कुंभमेळ्याच्या तयारीने रस्ते जिकडे-तिकडे उकरून ठेवलेत, भाजीबाजारातून घरी यायचं म्हणजे सर्कशीतली कसरत. गणेशवाडीत शेवंतीला भाव बरा आहे म्हणून माझे भाऊ खुशीत आहेत, परवा दोन गजरे आणि डबाभर चिवडा देऊन गेले. तुमची विचारपूस करत होते. मी सांगितलं, येवल्याला आराम करतायत. खरं काय ते सांगायचं नाही म्हणून तुम्ही शपथ घातली आहे ना, ती मी पाळते आहे. पण जाताना तुम्ही जी दोन कामं सांगून गेलात, गोटीरामना त्यांची जागा आता विकत घ्यायची नाही म्हणून कळवायचं आणि तुमचा हॅम रेडिओचा सेट, देशभरच्या माणसांशी गप्पा मारायचा तो खोका, देवळाली कॅम्पातल्या सुभेदारांना देऊन टाकायचा, ती दोन्ही मी केलेली नाहीत. काय रागवायचं ते आत्ताच रागवून घ्या, कारण पुढचं याहून वाईट आहे. तुमचा सेट घेऊन मी आज पहाटे गिरणाऱ्याला गेले. गोटीरामांच्या त्या जागेवर. खरखर मोजायला.

आता डोक्याला हात लावला असेल. लावा. अहो, इतकी वर्षं तुमच्याबरोबर हिंडले ती काय नुसती पोळीभाजीचा डबा सांभाळायला? लोक जागा बघताना पाणी बघतात, रस्ता बघतात, दार पूर्वेला आहे का बघतात. तुम्ही झाडावर तार टाकून, सेट मांडीवर घेऊन काटा बघत बसायचात. हवेत आवाज किती आहे ते तो काटा सांगतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. काटा एकावर म्हणजे जागा शांत, नऊवर म्हणजे रामराम ठोका आणि चला. आपल्या पंचवटीच्या घरी तो नऊच्या खाली उतरलेला मी बघितला नाही. खालची लिफ्ट, समोरच्यांचा इन्व्हर्टर, शेजारच्यांचे ते माळेचे दिवे, सगळ्यांची मिळून जी खरखर व्हायची त्यात तुम्ही कानाला हेडफोन दाबून, डोळे मिटून, कुठल्या कुठल्या माणसाचा आवाज शोधत बसलेले असायचात. मी चहा आणून ठेवायचे आणि त्यावर साय धरायची.

मला तर तुम्ही बघायला आलात तेव्हापासूनच ही खरखर माहीत आहे. आठवतं का? मखमलाबादच्या आमच्या घरी पोहे झाले, चहा झाला, आमचे दादा म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि तुम्ही विचारलंत काय, तर घराजवळ पिठाची गिरणी आहे का. दादांना वाटलं, पोरगा संसारी आहे, दळणाकांडणाची काळजी करतोय. ते छाती फुगवून म्हणाले, अहो भिंतीला भिंत लागून आहे, आमच्या शुभांगीला कधी डोक्यावर डबा वाहावा लागला नाही. तुमचा चेहरा जो पडला! गिरणीची मोटर रेडिओत किती खरखर करते हे आमच्या दादांना कुठून ठाऊक असणार? ते रात्रभर आईला विचारत होते, गिरणीचं ऐकून पोराचं तोंड का उतरलं, त्यांचं गव्हाशी वाकडं आहे की काय. वर्षभराने खरं कारण कळलं तेव्हा दादा धोतराचा सोगा तोंडाला लावून हसले होते.

असो. आज पहाटे गोटीराम टोमॅटो घेऊन पंचवटीच्या बाजारात आले होते. परत जाताना पिकअप रिकामी होती, तिच्यात मी सेट, बॅटरी आणि तुमची तारेची गुंडाळी घेऊन बसले. वाटेत ते मला हळूच सांगत होते की वहिनी, भाऊंचं काय ते सोमवारपर्यंत सांगा, लॉनवाले लय मागं लागलेत. लग्नाचं लॉन करायचं म्हणतात तिथे. दिव्यांच्या माळा, जनरेटर, डीजे. मी म्हटलं, सांगते. जागेवर पोहोचलो तर धुकं होतं आणि शेजारच्या द्राक्षबागेतून औषध फवारल्याचा वास येत होता. तार झाडावर टाकायची म्हणजे तुम्ही दोरीला दगड बांधून एका फेकीत टाकायचात. माझा पहिला दगड टोमॅटोच्या शेतात गेला, दुसरा पिकअपच्या टपावर. शेवटी शेजारचे कोंडाजी आले, त्यांनी पाखरं हाकायची गोफण आणली आणि कडुनिंबाच्या शेंड्यावरून दोरी अशी सोडली की मी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, भाऊ कुठं हायेत, लय दिवस दिसले नाय. मी म्हटलं, येवल्याला गेलेत. तेवढंच म्हटलं.

सेट चालू केला आणि काटा शून्यावर. अजिबात हालेना, आवाजही नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, गोटीरामांना ओरडून सांगितलं की इतकी शांत जागा सबंध जिल्ह्यात नसेल. आणि मग बघते तर काय, झाडावरून आलेली तार माझ्या पायाशीच पडलेली, सेटला जोडलेलीच नाही! तुम्ही कितीदा बजावलं होतं की आधी तार काढून बघायचं, मग जोडून बघायचं, फरक पडला तरच काट्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर जागा शांत नसते, आपला सेट बहिरा असतो. हा शब्द लिहून आधी खोडला होता. पण तुमचाच शब्द आहे, तुम्ही तो हसत हसत वापरायचात. तार जोडली आणि काटा टुणकन वर गेला, सातापर्यंत. नुसता गेला नाही, दर क्षणाला टक्, टक्, टक्, कोणी डोक्यात हातोडी मारतंय तसं. मला रडू आलं. म्हटलं, एवढी वर्षं हा माणूस जिचं नाव काढत होता ती जागाही गेली.

मग तुमच्यासारखाच विचार केला. टक् टक् इतकं नेमाने कोण करतं? डीपीचा आवाज असा नसतो, तो तळणीतल्या तेलासारखा तडतडतो. मोटारी म्हणाव्या तर थ्री फेज अजून आलेली नव्हती. सेट तसाच ठेवून बांधाने चालत गेले आणि कोंडाजींच्या बागेला लावलेल्या तारा दिसल्या. झटका मशीन! रानडुकरं येतात म्हणून बसवलंय, रात्री लावायचं आणि उजाडल्यावर बंद करायचं, पण कोंडाजी विसरले होते. त्यांच्या कुसाबाई तिथेच भांडी घासत होत्या. मी विचारलं, घडीभर बंद करता का, तर त्या नवऱ्यावरच घसरल्या, की रोज सांगते बंद करत जा, मागं माझ्याच हाताला बसला होता झटका, तरी या माणसाला ध्यान नाय. कोंडाजी बिचारे निमूट गेले आणि बटण बंद करून आले. बायकोचं ऐकणारा माणूस, मला फार आवडला.

मी परत येऊन सेटपाशी बसले. काटा एकावर आला होता. आणि अहो, आता जे सांगायचं आहे ते मला कसं सांगावं कळत नाही, म्हणून जसं झालं तसं सांगते. तुम्ही 'शांत जागा' म्हणायचात ना, त्यातला काटा मला कळायचा, पण ती शांतता कशासाठी हवी याचा मी इतकी वर्षं भलताच अर्थ लावून बसले होते. मला वाटायचं, तुम्हाला माणसं नको झालीत. हर्षालीच्या लग्नाच्या गडबडीत, घरात पाहुणे मावत नव्हते तेव्हा, तुम्ही ही जागा पहिल्यांदा बघून आलात आणि म्हणालात, इतकी शांत जागा आयुष्यात बघितली नाही, जीव तिथेच राहिला. मी पुऱ्या लाटत होते. माझ्या मनात आलं, याला आमचा गोतावळा सोसवत नाही, माझ्या माहेरची माणसं सोसवत नाहीत, कदाचित मीही. तेव्हा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं होतं मी. त्यानंतर तुम्ही जागेचा विषय काढलात की मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, काहीतरी दुसरंच बोलायचे. सासूबाईंचं दुखणं होतं, हर्षालीचं बाळंतपण होतं, कारणांना काय तोटा. तुम्हीही कधी जोर केला नाहीत. म्हणायचात, बघू पुढच्या वर्षी.

आणि आज काटा एकावर आला आणि त्या शांततेतून माणसंच माणसं बाहेर पडली हो! कोणी केरळातला, कोणी बंगालातला, एकाचा खोकला ऐकू आला, एकाच्या घरी कोंबडा आरवत होता तोसुद्धा ऐकू आला. इंदूरचे एक गृहस्थ आपल्या नातवाच्या बारशाचं सांगत होते आणि कुठला तरी मल्याळी माणूस त्यांना नाव सुचवत होता. जत्रा भरली होती नुसती. तुम्हाला शांत जागा हवी होती ती या सगळ्यांना ऐकायला! मी धुक्यात एका गोणपाटावर बसून, तुमचे हेडफोन लावून, ती जत्रा ऐकत होते आणि मला इतकं वाईट वाटलं की गोटीराम घाबरून पाणी घेऊन आले. हे तुम्ही ऐकायला हवं होतं. तुमचे कान धड होते तेव्हा तिथे, त्या झाडाखाली, तुम्ही बसायला हवे होतात, आणि तुम्ही बसलात कुठे तर आपल्या लिफ्टच्या भिंतीला पाठ लावून. एकदा जरी विचारलं असतं ना, की शांत म्हणजे काय हो, तरी तुम्ही सांगितलं असतंत. नवरा-बायकोत कोणी शब्दांचे अर्थ विचारत नाही, तिथेच फसतं सगळं.

श्रावणात तो ताप आला आणि पाच-सहा दिवसांत तुमचे दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले नस गेली, गोळ्या झाल्या, सुया झाल्या, ते कानातलं यंत्र झालं. यंत्र लावून तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी बोलले, आणि तुम्ही ते काढून डबीत ठेवलंत. म्हणालात, यात नुसती खरखर आहे. त्या दिवसापासून तुम्ही सेटवर पांढरा टॉवेल घातलात. हर्षाली म्हणाली, थोडे दिवस हवापालट होऊ दे, म्हणून येवल्याला पाठवलं. तिच्या घरी दिवसभर मागाची खटखट चालू असते आणि तुम्ही तिथे पेपर वाचत बसलेले असता, ती सांगते, बाबा कोणाशी बोलतच नाहीत. मला माहीत आहे का बोलत नाही ते. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मोठा निघतो की बारीक ते कळत नाही, म्हणून लाज वाटते. मोठा निघतो, सांगून टाकते. मला चालतो.

आता शेवटचं, आणि खरं म्हणजे ज्याच्यासाठी घरी आल्या आल्या, हात-पायही न धुता, लिहायला बसले ते. आठच्या सुमारास सेटची चकती फिरवून मी तुमच्या त्या रोजच्या आकड्यावर नेली. तिथे कोल्हापूरचे मास्तर तुमच्या रेडिओवाल्या मंडळींची हजेरी घेत होते. एकेकाचं ते अक्षराआकड्यांचं नाव पुकारायचे, तो माणूस हजर म्हणायचा, चार शब्द बोलायचा. आणि मग त्यांनी तुमचं नाव पुकारलं. मला ते माझ्या आधार नंबरापेक्षा पाठ आहे. ते थांबले. पुन्हा पुकारलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा त्यांचा आवाज हळू झाला होता. मग ते बाकीच्यांना म्हणाले, नाशिकवाले कुंदनदादा कित्येक दिवस आले नाहीत, फोन उचलत नाहीत, कोणाला काही ठाऊक आहे का. कोणालाच नव्हतं, त्यांचे फोन उचलायचे नाहीत म्हणून तुम्ही लेकीलाही बजावलंय ना. एकजण चाचरत म्हणाला, 'सायलेंट की' तर झाले नसतील? गेलेल्या माणसाला तुमच्यात असं म्हणतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, पुढच्या रविवारी एकदा पुकारू, नाहीतर दोन मिनिटं उभे राहू आणि नाव हजेरीतून काढू. माझ्या हातात माइक होता. अंगठा बटणावर होता. जिवंत आहेत हो ते, येवल्यात पेपर वाचतायत, असं ओरडावंसं वाटत होतं, पण रेडिओवर बोलायचा सरकारी परवाना माझ्याकडे नाही, आणि परवाना नसताना बटण दाबलं तर तुम्ही जन्मभर माझं तोंड बघणार नाही हेही माहीत होतं. मास्तरांचा नंबर शोधला तर मिळेल. पण शपथ आहे, आणि शपथ नसती तरी तुम्ही जिवंत असल्याचं मी का सांगू? ते तुम्ही सांगायचं. तुमचे कान गेलेत, तुमचा गळा शाबूत आहे, परवानाही शाबूत आहे. शनिवारच्या एसटीने या. रविवारी मी हेडफोन लावून बसेन, तुमचं नाव पुकारलं की तुमच्या पाठीवर थाप मारेन, तुम्ही बटण दाबून बोला, ते काय उत्तर देतात ते मी हर्षालीच्या जुन्या पाटीवर लिहून दाखवेन. रोज असंच करू. इथे घरी मात्र ते जमायचं नाही, मी प्रयत्न करून बघितला. तुम्हाला खरखरीतून माणूस शोधता यायचा, मला नुसती खरखर ऐकू येते. ऐकायचं काम आता माझ्याकडे आलंय आणि माझे कान अगदी नवशिके आहेत, त्यांना काटा एकावरच लागेल. म्हणून गोटीराम मला परत घरी सोडायला आले तेव्हा पिकअपमधून उतरतानाच मी त्यांना सांगून टाकलं, लॉनवाल्यांना नाही म्हणा, जागा आम्ही घेतली.

वाट बघते आहे,

तुमचीच,
शुभांगी